'काय झालं?' हे विचारणं जरा थांबवूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या मानसिक आरोग्यावर आपल्या पेपरात अधूनमधून लेख येतात, मी ते कापून स्टाफरूमच्या बोर्डावर लावते आणि दोन दिवसांत त्याच्यावर कुणीतरी परीक्षेचं वेळापत्रक टाचून ठेवतं. ते जाऊ दे. पण ह्या लेखांच्या शेवटी एक वाक्य हमखास असतं, की शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांशी मोकळेपणाने बोलावं. ते वाचलं की मला वाटतं, अहो बोलावं काय, दिवसभर तेच तर करतो आम्ही! गडबड तिथेच आहे. म्हणून आज प्ले थेरपीबद्दल, म्हणजे मुलांच्या खेळातून होणाऱ्या उपचाराबद्दल, लिहायला बसले. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, 17 वर्षं झाली, मी थेरपिस्ट नाही आणि तसा आवही आणत नाहीये, जे करून बघितलं आणि जिथे आपटले तेवढंच सांगतेय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. चांगला हसराखेळता, आणि मधल्या सुट्टीनंतर आला की काय व्हायचं कुणास ठाऊक, शेजारच्याला चिमटे काढायचा, वहीची पानं टराटरा फाडायचा, आणि एकदा तर स्वतःचीच पेन्सिल दाताने चावून चावून तिचे दोन तुकडे केले. मी त्याला बाजूला घ्यायचे आणि अगदी गोड आवाजात, "काय झालं? का फाडलंस? सांग ना, मी रागावणार नाहीये," असं सुरू करायचे. तो बुटाच्या लेसकडे बघत बसायचा. "माहीत नाही." मग मी परत, "असं कसं माहीत नाही, तूच फाडलंस ना?" आता गंमत बघा, रागावणार नाही म्हणणारी मी तिसऱ्या वाक्याला रागावलेली असायचे, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. मला वाटायचं हट्टी आहे, तोंडच उघडत नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं हो! सात वर्षांच्या मुलाला आपल्या पोटात जे काही ढवळतंय त्याला मत्सर म्हणतात का भीती म्हणतात का एकटेपणा म्हणतात हे कुठून कळणार, आपल्यालाच धड कळत नाही. पियाजे ह्या मानसशास्त्रज्ञाचं आम्हाला डीएडला पाठ करायला लावलं होतं, की साधारण अकरा वर्षांपर्यंत मूल हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल अशाच गोष्टींच्या आधाराने विचार करतं. पाठ केलं, मार्क मिळवले, आणि नंतर 15 वर्षं सात वर्षांच्या मुलांना "तुला नक्की काय वाटतंय" असे हवेतले प्रश्न विचारत बसले.

मग आमच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एक काउन्सेलर मॅडम आल्या, प्ले थेरपीचं रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या. त्यांनी जिन्याखालची अडगळीची खोली मागून घेतली. स्टाफरूममध्ये लगेच सुरू, की खेळायला थेरपी कशाला लागते, आमच्या वेळी आम्ही खेळलोच की, कुणी थेरपी दिली नाही, आणि एक पालक तर मला म्हणाले की मॅडम, खेळून प्रॉब्लेम सुटत असते तर आमच्या घरी एकही राहिला नसता. हसले मी पण. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

पण हे काही कालचं फॅड नाही. लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड, मुलांच्या डॉक्टर, त्यांनी 1928 मध्ये मुलांसाठी क्लिनिक काढलं आणि तिथे एका पेटीत छोट्या छोट्या वस्तू भरून ठेवल्या, मुलं त्या पेटीला 'वंडर बॉक्स' म्हणायची. पुढच्याच वर्षी तिथे वाळूचे ट्रे आले आणि मुलं त्यात आपापलं जग मांडायला लागली, 'वर्ल्ड टेक्निक' हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे ही पद्धत अर्धी तर मुलांनीच शोधली म्हणायची! मग अमेरिकेत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलिन. त्यांनी 1947 मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स ह्यांच्या विचारांवरून आठ तत्त्वं मांडली. आठही सांगत बसत नाही, पण मूल जसं आहे तसं घ्यायचं, वाट त्याने दाखवायची आणि मोठ्या माणसाने मागून जायचं, आणि घाई करायची नाही, ही तीन जरी एखाद्या शाळेत लावायची म्हटली तरी तिथलं टाइमटेबल कोसळेल. टाइमटेबल म्हणजेच घाई.

तर त्या मॅडमनी आम्हा तीन शिक्षिकांना शिकवायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं की तुम्ही जे करणार आहात त्याला थेरपी म्हणायचं नाही, 'खेळाची वेळ' म्हणायचं, थेरपी मी करते आणि त्यासाठी मी शिकले आहे. मला हे फार पटलं, कारण आजकाल एक दिवसाचं वर्कशॉप केलं की सर्टिफिकेट घेऊन लोक थेरपिस्ट होतात आणि शाळाही पीटीच्या तासाला प्ले थेरपी नाव देऊन माहितीपत्रकात छापून मोकळ्या. खेळ वेगळा, खेळातून उपचार वेगळा, आणि ह्या दोघांच्या मधे एक जागा आहे जिथे साधा शिक्षक थोडं शिकून, कुणाच्या तरी देखरेखीखाली, एका मुलाला अर्धा तास देऊ शकतो. आईवडिलांना असं शिकवायची कल्पना बर्नार्ड आणि लुईस गर्नी ह्या जोडप्याची, 1964 मध्ये त्यांनी ती मांडली, गॅरी लँड्रेथ ह्यांनी तिचा 10 सेशन्सचा कोर्स बसवला आणि पुढे तीच गोष्ट शिक्षकांसाठीही केली गेली. आठवड्यातून 30 मिनिटं, एकच मूल, एकच मोठं माणूस. बस.

खोलीत काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं महागडी खेळणी लागतात. वाळूचा एक पसरट डबा. बाहुल्यांचं कुटुंब, त्यात आजी-आजोबा आणि एक तान्हं बाळ. भातुकली. डॉक्टरचा सेट आणि खऱ्या पट्ट्या. रबरी साप, दात विचकणारी मगर, सैनिक. ठोसे मारायला एक मोठी उशी. क्ले, जाडे खडू, कागद. आणि खेळण्यातले फोन, पण दोन, एक मुलाला आणि एक आपल्याला, एकच ठेवला तर बोलायचं कुणाशी? बटण दाबलं की गाणारं, नाचणारं काही नाही, कारण ते स्वतःच सगळं करून टाकतं, मुलाला करायला काही उरतच नाही. आणि प्रत्येक वस्तू दर वेळी जागच्या जागी. मगर डावीकडच्या खालच्या फळीवर म्हणजे तिथेच. ज्या मुलाच्या आयुष्यात सगळंच हललेलं असतं त्याला दर बुधवारी मगर तिथेच सापडणं ही काय चीज आहे, हे मला खूप उशिरा कळलं.

आणि आता माझी परीक्षा. नियम असा, की प्रश्न विचारायचे नाहीत. शिकवायचं नाही. "छान" म्हणायचं नाही! हो, शाबासकी पण नाही, कारण छान म्हटलं की पुढच्या वेळी मूल आपल्याला आवडेल तेच करतं. नुसतं दिसतंय ते बोलायचं. "तू ते अगदी खोल पुरलंस." "तुला ते तसंच हवं होतं, आणि ते पडलं, राग आला." संपादक साहेब, 15 वर्षं शिकवलेल्या बाईला 30 मिनिटं प्रश्न न विचारता बसवून बघा एकदा. घाम फुटतो. मी पहिल्या वेळी मनात आकडे मोजत होते.

माझ्या वाट्याला तोच मुलगा आला होता. पहिल्या दिवशी तो दारातच उभा, "इथे काय करायचं?" मी म्हटलं, इथे काय करायचं ते तू ठरव. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बाईंना आज बरं नाहीये. मग हळूच एक अ‍ॅम्ब्युलन्स उचलली, वाळूत खड्डा केला, ती आत ठेवली, वर वाळू लोटली आणि तळहाताने थापून थापून सपाट केली, पार तिचा मागमूस राहिला नाही इतकी. "आता कुणाला सापडणार नाही." दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात तेच. माझ्या डोक्यात चक्रं सुरू, कोण आजारी आहे घरी, आजी गेली का, अपघात झाला का, आणि तिसऱ्या वेळी माझ्याच्याने राहवलं नाही आणि मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत पेशंट आहे का रे?" त्याचा हात थांबला. त्याने अ‍ॅम्ब्युलन्स वाळूतून काढली, शर्टाला पुसली, फळीवर जागेवर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, वेळ संपली का?" अजून 20 मिनिटं बाकी होती. ती 20 मिनिटं तो स्टुलावर पाय हलवत बसला आणि मी माझ्या जिभेला शिव्या देत बसले.

काउन्सेलर मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की तुम्ही त्याच्या खेळातून उठून तुमच्या गोष्टीत गेलात. आणि हा रोग माझा एकटीचा नाही. स्टाफरूममध्ये चित्र दाखवलं की लगेच निदान तयार, काळा रंग वापरलाय म्हणजे डिप्रेशन, आईचं चित्र लहान काढलंय म्हणजे आईवर राग. अरे बाबांनो, कधीकधी बाकीचे खडू संपलेले असतात! हा वाद तर अ‍ॅना फ्रॉइड आणि मेलनी क्लाइन ह्या मुलांच्या दोन मनोविश्लेषकांमध्येही झाला होता, 1920च्या दशकात. क्लाइनबाई खेळातल्या प्रत्येक गोष्टीचा खोल अर्थ लावायच्या आणि अ‍ॅना फ्रॉइड ह्यांचं म्हणणं असं की मुलाने दोन गाड्या आपटल्या तर त्याने रस्त्यात तसं काहीतरी बघितलं असंही असू शकतं. माझं मत अ‍ॅनाबाईंच्या बाजूने आहे, त्यातलं मला फार कळतं म्हणून नाही, आमची स्टाफरूम बघितली आहे म्हणून.

लोकांना अजून एक भीती असते की असं मोकळं सोडलं तर मुलं डोक्यावर बसतील. मोकळं म्हणजे मोकाट नव्हे. एकदा ह्याच पठ्ठ्याने वेळ संपत आली म्हटल्यावर सैनिक माझ्या चेहऱ्यावर नेम धरून उगारला. वर्गात असतं तर मी हात धरला असता आणि दोन शब्द सुनावले असते. तिथे शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "तुला जायचं नाहीये आणि माझा राग आलाय. पण मला मारायचं नाही. उशीला मारू शकतोस." ह्या क्रमाने. आधी भावना, मग मर्यादा, मग दुसरा रस्ता. आपण नेहमी मधलंच तेवढं बोलतो, तेही ओरडून. त्याने दोन सेकंद विचार केला आणि उशीला असा सैनिक हाणला की तो उडून भातुकलीत पडला. मला काही लागलं नाही, तो काही बिघडला नाही. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं असतं ते मी त्या दिवशी विसरले होते, म्हणजे बघायला गेलं तर चूक माझीच.

एक नियम मात्र मला अजून पचत नाही. पसारा मुलाने आवरायचा नाही, मोठ्याने आवरायचा. कारण काय तर खेळणी हे मुलाचे शब्द, आणि आवरून ठेव म्हणणं म्हणजे बोललास ते परत घे म्हणण्यासारखं. तत्त्व पटतं हो, पण केसात वाळू घेऊन गुडघ्यावर बसून ती मगर पुसताना तत्त्वं आठवत नाहीत.

फरक पडला का, हा प्रश्न सगळे विचारतात, मुख्याध्यापकांनीही विचारला. आधी तर जास्त बिघडल्यासारखं वाटलं, दोन आठवडे वर्गात रडारड वाढली, मॅडम म्हणाल्या असं होऊ शकतं, थांबा. मग वही फाडणं कमी झालं, बंद नाही झालं. चिमटे थांबले. प्ले थेरपीने जादू होते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. 2005 मध्ये 93 अभ्यास एकत्र करून बघितले होते त्यात बराच मोठा परिणाम दिसला, आणि आईवडिलांना सामील करून घेतलं तिथे आणखी जास्त, पण 2015 मध्ये फक्त शाळांमधले 23 अभ्यास घेतले तेव्हा फायदा दिसला खरा, पण बेताचाच. मला ह्यात नवल वाटत नाही. आमच्याकडेच बघा ना, सेशनच्या मधे घंटा वाजते, दार ठोठावून कुणीतरी खडू मागतं, गॅदरिंगची प्रॅक्टिस आली की दोन आठवडे खोली गायब. औषध अर्धं द्यायचं आणि मग गुण आला नाही म्हणायचं!

मुख्याध्यापकांचा दुसरा प्रश्न होता, तो आत काय बोलला? मी सांगितलं नाही. आई बाहेर थांबून विचारायची, तिलाही नाही. एवढं सांगितलं की येतो आवडीने, आणि अजून काही दिवस यावं असं वाटतं. मुलाला कळलं की आतलं बाहेर जातं, तर संपलंच. अपवाद एकच, मुलाला कुणाकडून इजा होते आहे असं काही दिसलं, ऐकलं तर ते गुपित ठेवायचं नाही, ताबडतोब ज्याची जबाबदारी आहे त्याच्याकडे जायचं, आणि आपण स्वतः खोदून खोदून विचारायचं नाही, कारण आपल्याच प्रश्नांतून मुलाच्या तोंडी नको ते शब्द जातात आणि मग खरं काय ते शोधणं अवघड होऊन बसतं. इथे उत्साही शिक्षकांनी हात आवरावा, मी कळकळीने सांगतेय.

आता जे माझ्या हातात नाही ते. वर्गात सगळ्यांसमोर "चल रे, तुला काउन्सेलरने बोलावलंय" असा पुकारा करणं बंद व्हावं, मुलं तेवढ्यावरून दिवसभर चिडवतात. ते मूल ज्या तासाची वाट बघत असतं तोच तास कापून त्याला पाठवू नये. "नीट वागलास तरच खेळायला जायचं" हे तर अजिबात नको, म्हणजे ज्याला गरज आहे त्याचीच वेळ पहिली कापली जाणार. आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद, खेळाचा तास बंद, हे जे आपण सर्रास करतो (मीही केलंय, खूप वेळा) ते थांबवायला ना थेरपिस्ट लागतो ना खोली. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारात कलम 31 मध्ये खेळणं हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलंय. तरी आपण बक्षिसाच्या चॉकलेटसारखा तो देतो आणि काढून घेतो. आपल्या पेपरने कधीतरी ह्यावर लिहावं, की किती शाळांमध्ये अशी शिक्षा चालते. मुलांनाच विचारा, ती लगेच सांगतील, हे सांगायला त्यांच्याकडे शब्द आहेत.

अ‍ॅम्ब्युलन्सचं काय झालं असं तुम्ही विचाराल. मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या त्या प्रश्नानंतर दोन आठवडे त्याने तिला हात लावला नाही, मग परत पुरायला लागला, मी गप्प. वर्ष संपत आलं तेव्हा एकदा त्याने ती अर्धीच पुरली, वरचा दिवा बाहेर ठेवला, आणि एक फोन माझ्या हातात देऊन दुसरा स्वतःच्या कानाला लावला. "हॅलो, तुम्ही काही बोलू नका हां, फक्त ऐका." आणि मग फोनवर दोघेही गप्प, बराच वेळ. आता तो चौथीत आहे, जिन्यात दिसला की पळतो, जसं ह्या वयात पळायला हवं.

सध्या माझ्याकडे दुसरी एक मुलगी येते, तिच्याबद्दल काही लिहीत नाही. पुढच्या महिन्यात ती खोली उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना द्यायची ठरली आहे, नाही म्हणून बघितलं, उपयोग झाला नाही. त्यामुळे सगळं एका मोठ्या पिशवीत भरलंय, जिथे कोपरा मिळेल तिथे चादर टाकून मांडायचं, तीच खेळणी, त्याच क्रमाने. वाळूचा डबा तेवढा पिशवीत बसत नाही. झाकणाचा लहान डबा कुठे मिळतो का बघतेय.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
(नाव छापू नये ही विनंती)